केबलचा वाटा वेगळा काढताना

एलसीआर मीटरच्या दोन-टोकी जोडणीत घटकाबरोबर केबलही मोजली जाते. ५० ओहमच्या सामान्य कोअ‍ॅक्सियल केबलची धारिता दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते; तिच्यापुढे १० पिकोफॅरडचा कपॅसिटर झाकोळून जातो. म्हणून आधी टोके मोकळी ठेवून ‘ओपन’ दुरुस्ती करतात. तिच्यात समांतर धारिता आणि गळती नोंदली जाते. मग टोके एकमेकांना जोडून ‘शॉर्ट’ दुरुस्ती. तीत तारांचा रोध व प्रेरकत्व कळते. पुढच्या प्रत्येक मापातून मीटर हा वाटा गणिताने काढून टाकतो. ओपन करताना टोकांमधले अंतर मात्र घटक बसवल्यावर असेल तेवढेच हवे, नाहीतर दुरुस्तीच चूक घालते. उच्च वारंवारतेला केबलमुळे कलाही सरकते. तिथे मीटरवर केबलची लांबी निवडावी लागते, किंवा ज्ञात मूल्याचा प्रमाण घटक जोडून ‘लोड’ दुरुस्ती करावी लागते.