साडेपाचची गाडी

तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाची ओळख करून द्यायची तर लोक इमारत दाखवतात, निकाल सांगतात, नॅकची श्रेणी सांगतात आणि माजी विद्यार्थ्यांत कोणी आमदार झाला असेल तर त्याचं नाव घेतात. त्या महाविद्यालयाचा दिवस ज्या फलकावर ठरतो तो मात्र आवारात नसतोच. तो बसस्थानकावर, चौकशीच्या खिडकीशेजारी असतो. ग्रामीण महाराष्ट्रातलं उच्च शिक्षण एसटीच्या फेऱ्यांना बांधलेलं आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी त्याची चर्चा नेहमी सवलत किती, या एकाच प्रश्नाशी येऊन थांबते. विद्यार्थ्याचा मासिक पास ही या राज्याने उभी केलेली उत्तम व्यवस्था आहे, यात शंका नाही. पण तिने प्रवासाच्या किमतीचा प्रश्न सोडवला आणि वेळेचा तसाच ठेवला. वेळेचा प्रश्न अडून राहिला आहे तो पैशाअभावी कमी, आणि बसने येणाऱ्या विद्यार्थ्याच्या वतीने बोलणारं कोणी नाही म्हणून जास्त, असं मला वाटतं.

आधी किमतीची बाजू. एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. विद्यार्थ्याला मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे तो भाड्याचा एक तृतीयांशच भरतो. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली पास मोफत आहे. म्हणजे जी मुलगी बारावीपर्यंत फुकट येत होती तिला प्रथम वर्षाला प्रवेश घेताच खिडकीवर पैसे मोजावे लागतात, ही या योजनेतली एक विचित्र पायरी. पण रक्कम तरीही हलकीच असते. पूर्वी जून उजाडला की बोनाफाईड आणि प्राचार्यांचा शिक्का असलेला अर्ज घेऊन आगाराच्या खिडकीवर रांग लावणं हा जणू प्रवेशप्रक्रियेचाच भाग होता. २०२४ मध्ये महामंडळाने ‘एसटी पास थेट तुमच्या शाळेत’ ही मोहीम काढून तोही त्रास कमी करायला घेतला. त्याच वर्षी ठरावीक प्रवर्गांतल्या, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क सरकारने पूर्ण माफ केलं. किमतीच्या बाबतीत सरकारचा हात आखडता राहिलेला नाही.

हे कुठून आलं ते पाहिलं तर प्रश्न नीट समजतो. खेड्यातल्या मुलाला शिकवायचं तर त्याला शिक्षणाच्या गावी राहायला जागा हवी, हे महाराष्ट्राचं जुनं उत्तर होतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांची रांग उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वेगवेगळ्या जातींच्या मुलांना एकाच पंक्तीला बसवणारं बोर्डिंग सुरू केलं. ही वसतिगृहं निवाऱ्यापुरती नव्हती. तिथे मुलं स्वयंपाकाला हात लावत, श्रमदान करत, कामं वाटून घेत, भांडत आणि भांडण मिटवत. एकत्र राहण्यातून त्यांची आपोआप संघटना होत होती. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली आणि पुढच्या काही दशकांत ‘गाव तिथे एसटी’ ही घोषणा बऱ्याच अंशी खरी झाली. तालुक्याला महाविद्यालय आलं, गावाला गाडी आली, आणि घरी राहून, शेतातली सकाळची कामं उरकून पदवी घेणारा नवा विद्यार्थी तयार झाला. मुलींच्या बाबतीत तर या बदलाचं मोल फार मोठं. ज्या घरांनी मुलीला वसतिगृहात पाठवलं नसतं, त्यांनी तिला गाडीत बसवलं. मात्र वसतिगृहातल्या मुलाला जे आयतं मिळत होतं ते या नव्या विद्यार्थ्याला मिळालं नाही. गाडीतले पन्नास जण एकाच महाविद्यालयाचे असले तरी एकेक थांबा आला की उतरून पांगतात.

आता वेळ. फेरी सुरू करायची, बदलायची की बंद करायची हे आगार पातळीवर ठरतं, आणि ठरवताना दोन आकडे समोर असतात: भारमान, म्हणजे गाडी किती भरून धावते, आणि दर किलोमीटरमागचं उत्पन्न. पासधारक विद्यार्थी या हिशेबात अडचणीचा प्रवासी आहे. त्याचे पैसे महिन्यातून एकदा खिडकीवर जमा होतात. वाहक दिवसाअखेर रोकड भरतो तेव्हा त्यात ते नसतात. भाड्याचा उरलेला भाग सरकारकडून प्रतिपूर्ती म्हणून वरच्या पातळीवर येतो, तोही सावकाश. म्हणून दारात लोंबकळणारी मुलं घेऊन आलेल्या फेरीची रोकड किरकोळ दिसू शकते. कागदावर पासधारकांची संख्या चढवता येते, हे खरं. पण ज्याच्या डोक्यावर रोजच्या उत्पन्नाचं उद्दिष्ट आहे तो आगार व्यवस्थापक लग्नसराईत किंवा यात्रेच्या दिवसांत गाडी काढायची तर कुठली काढेल, हे सांगायला ज्योतिषी नको. शिवाय एका गाडीवर मालक अनेक. रात्री गावात मुक्कामाला असलेली गाडी पहाटे दूध, बाजारहाट, दवाखान्याला निघालेली माणसं, साडेसातचं कनिष्ठ महाविद्यालय आणि साडेदहाची शाळा अशा सगळ्यांना पोचवते. कोणाला तास तास आधी यावं लागतं, कोणाला उशिरा. विज्ञान शाखेचं प्रात्यक्षिक पाचपर्यंत चालतं, विद्यापीठाचा पेपर कधी दोन ते पाच असतो, आणि त्या बाजूची सोयीची शेवटची गाडी साडेपाचची. नव्या शैक्षणिक धोरणामुळे इंटर्नशिप, क्षेत्रीय प्रकल्प, निरनिराळ्या विभागांतले विषय असं वेळापत्रक आणखी पसरलं आहे. ते आखताना एसटीचा फलक कोणी पुढे ठेवतं, असं दिसत नाही.

साडेपाचच्या गाडीचा परिणाम तासापुरता राहत नाही. महाविद्यालयातलं जे काही तासांच्या बाहेर घडतं, ते सगळं चारनंतरचं असतं: राष्ट्रीय सेवा योजनेची बैठक, युवक महोत्सवाची तालीम, वादविवाद मंडळ, कबड्डीचा सराव, ग्रंथालयात निवांत बसणं. पुण्यातल्या पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी रात्री रंगतात, आणि त्यातून रंगभूमीला नट मिळाले म्हणून त्यांचं कौतुक होतं. तसं घडायला रात्री घरी पोचण्याची सोय लागते, हे त्या कौतुकात कोणी म्हणत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात गावातच राहणारा, किंवा ज्याच्याकडे स्वतःची मोटारसायकल आहे तोच चारनंतर उरतो. साहजिकच स्नेहसंमेलनाचा सचिव, वर्गाचा प्रतिनिधी, कुठल्याही विद्यार्थी संघटनेचा शाखाप्रमुख त्यातूनच येतो. ज्यांना गाडीची गरज सर्वांत जास्त, तेच गाडीबद्दल बोलण्याच्या बैठकीला नसतात, कारण गाडी चुकेल. या चक्रात मुली सर्वांत आधी गळतात.

कायद्याने हे चक्र तोडायला मदत केली असती, पण तिकडेही हात रिकामेच. १९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या काळात एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. नव्वदच्या दशकात राज्यातल्या थेट महाविद्यालयीन निवडणुका थांबल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषद गुणवत्तेवर नेमायची पद्धत आणली. वर्गात पहिला आलेला तो प्रतिनिधी. परीक्षेत पहिलं येणं आणि शंभर जणांची अडचण घेऊन आगारात जाणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, हे वेगळं सांगायला नको. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकांचं दार पुन्हा उघडलं. २०१९ मध्ये वेळापत्रकही जाहीर झालं आणि पुढे ढकललं गेलं.

मग राहतात त्या पक्षांच्या छायेतल्या आणि स्वतंत्र विद्यार्थी संघटना. अभाविप, एनएसयूआय, एसएफआय, छात्रभारती यांच्या विचारांत काहीही फरक असो, एसटीच्या प्रश्नावर सगळ्यांची रीत सारखी: निवेदन, त्याचा फोटो, दाद नाही मिळाली तर रास्ता रोको. ही रीत निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. बंद पडलेली फेरी अनेकदा अशा आंदोलनानेच परत सुरू झाली आहे. पण आंदोलन एका दिवसाचं, आणि वेळापत्रक दर सत्राला बदलणारं. सुरू झालेली फेरी दिवाळीच्या सुट्टीत बंद झाली, ती सुट्टी संपल्यावर सुरू झाली का, हे पाहायला जायचं कोणी? त्यात फोटो नाही, बातमी नाही आणि कार्यकर्ताही घडत नाही. संघटनांना दोष देण्यापेक्षा हे काम ज्याचं नेमून दिलेलं आहे असा माणूसच महाविद्यालयात नाही, हे लक्षात घ्यावं.

यावर पहिला आक्षेप एसटीच्या तोट्याचा. महामंडळ वर्षानुवर्षं आर्थिक ओढाताणीत आहे, गाड्या जुन्या आहेत, आणि २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, त्यामागे पगाराचीच वेदना होती. अशा संस्थेकडे तोट्याच्या आणखी फेऱ्या मागायच्या कशा? आक्षेप खरा आहे, आणि काही ठिकाणी त्याला उत्तर नाही: गाडीच नसेल तर नाही. पण बहुतेक तक्रारी नव्या गाडीच्या नसतात, असलेली गाडी अर्धा-पाऊण तास मागेपुढे करण्याच्या असतात. आणि सगळं एसटीनेच हलवायचं, असाही नियम नाही. एकाच गावातल्या तीन महाविद्यालयांनी सुटण्याच्या वेळा आपसात वीस-वीस मिनिटांनी वेगळ्या केल्या तर एकच गाडी दोन खेपा मारू शकते. विद्यार्थिनींची वेळ केंद्रस्थानी ठेवून गाडी चालवता येते याचा दाखला घरातच आहे. मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांना निळ्या गाड्या दिल्या गेल्या, त्या शाळकरी मुलींसाठीच. त्यांचा खर्च सरकारने उचलला आणि फेऱ्या शाळेच्या वेळेला बांधल्या. त्या बारावीपर्यंत थांबतात, पदवीपर्यंत येत नाहीत, ही त्यांची मर्यादा.

दुसरा आक्षेप असा की आता एसटीवाचून कोणाचं अडतं? दक्षिण महाराष्ट्रात वडाप नावाची खासगी प्रवासी वाहतूक आहे, मराठवाड्यात काळी-पिवळी, आणि दारोदारी दुचाकी. पण त्या संपाच्या महिन्यांतच याची परीक्षा झाली. महाविद्यालयं नुकतीच, २० ऑक्टोबरला, कोरोनानंतर उघडली होती. वडाप भरल्याशिवाय निघत नाही, त्यात पास चालत नाही, आणि अंधार पडल्यावर त्यातून मुलीला पाठवायला घर कचरतं. पास हातात होता, पण दाखवायला गाडी नव्हती. दुचाकीने मुलांची सोय होते खरी. मात्र ज्या घरात एकच दुचाकी आहे तिथे ती कोणाच्या वाट्याला येते, हे घरोघरी माहीत आहे.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर: विद्यार्थ्यांच्या हाती असं काम दिलं की त्यात पक्ष शिरतील आणि गोंधळ होईल. इथे परदेशातलं एक उदाहरण उपयोगी पडतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावी युनिट्रान्स नावाची बससेवा आहे. १९६८ मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेने लंडनच्या दोन जुन्या दुमजली गाड्या घेऊन ती सुरू केली. आज ती सगळ्या गावाची सेवा आहे, आणि गाड्या चालवणारे बहुतेक जण विद्यार्थीच आहेत. पदवीचे विद्यार्थी ओळखपत्र दाखवून बसतात, कारण त्यांच्या शुल्कातून सेवेला पैसे जातात. हे जसंच्या तसं इथे आणता येणार नाही. डेव्हिस एका विद्यापीठाभोवतीचं सपाट, आटोपशीर गाव आहे. आपल्याकडे एका आगारातून घाट, वाड्या आणि वस्त्या सांभाळायच्या असतात, आणि विद्यार्थ्यांवर आणखी शुल्क लादणं अन्यायाचं होईल. पण विशीतल्या मुलांना वेळापत्रकाची जबाबदारी पेलत नाही, हा समज त्या गावाने अर्ध्या शतकाहून जास्त काळ खोटा ठरवला आहे. पक्षांचं म्हणाल तर ते निवडणुका नसतानाही आवारात आहेतच. फक्त त्यांना कोणाला हिशेब द्यावा लागत नाही.

मागणी मोठी नाही. प्रवेश अर्जात गाव, थांबा आणि येण्या-जाण्याची वेळ हे तीन रकाने घातले तर जूनअखेर महाविद्यालयाच्या हाती अशी यादी येते जी आगाराकडेही नसते: कुठल्या दिशेला किती मुलं, कितीला. ती घेऊन प्रत्येक सत्राच्या आधी आगार व्यवस्थापकांना भेटायचं काम विद्यार्थी परिषदेचं असावं, परिषद नेमलेली असो वा निवडलेली. आणि त्या परिषदेत बसने येणाऱ्यांना, त्यातही मुलींना, ठरावीक जागा असाव्यात. प्राचार्यांचं पत्र सोबत असलं तर निवेदनाला वजन येतं, आणि पाठीशी आकडे असले की आगार व्यवस्थापकालाही विभाग नियंत्रकापुढे बोलता येतं. परिषदेची बैठक मात्र दुपारी बाराला घ्यावी, आणि त्या तासाची हजेरी सगळ्यांना द्यावी.