२५० खोल्यांच्या वाड्यातला नाताळ

तायांनो, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ॲशव्हिल शहरात बिल्टमोर नावाचा वाडा आहे. खोल्या किती? २५०! जॉर्ज व्हँडरबिल्ट यांनी तो बांधला आणि १८९५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी पाहुण्यांसाठी उघडला. आजही नाताळात तो सजतो, लोक तिकीट काढून बघायला जातात.

जेवणाच्या दालनाचं छत ७० फूट उंच. तिथे लहान झाड हरवूनच जाईल, म्हणून ३५ फुटांचं फ्रेझर फरचं झाड उभं करतात. ही जात तिथल्याच डोंगरांतली. शिवाय जिन्यांना हिरव्या माळा, लाल रिबिनी. एवढा पैसा, तरी पाया हिरव्या पाल्याचाच! आपलं आंब्याचं तोरण तरी वेगळं काय असतं?

नाताळच्या सजावटीची ऑर्डर घेणाऱ्या गटांनी आधी जागेवर जाऊन दाराचं, जिन्याचं माप घ्यावं. माळ आखूड पडली की जोड दिसतो, आणि गिऱ्हाईक पैसे कापतं. सुतळी-तारेचा सांगाडा आठवडाभर आधी करून ठेवा, पाला मात्र आदल्या दिवशीच बांधा. सुकलेला पाला भुर्रकन पेटतो, तेव्हा मेणबत्त्या लांबच ठेवायला सांगा.