नळी तुंबली हे आठ दिवसांनी कळून काय उपयोग? पेरणी यंत्रावरच्या सेन्सरची सोपी माहिती

धर्माबाद : मृगाचा पाऊस झाला, वापसा आला की करखेलीपासून बाभळीपर्यंत सगळ्यांना एकाच वेळी ट्रॅक्टर पाहिजे असतो. भाड्याचा ट्रॅक्टर येतो, तासाभरात दोन-तीन एकर पेरून पुढच्या वावरात जातो. सोयाबीन वर आलं की मग दिसतं, मधलं एखादं तास बांधापासून बांधापर्यंत रिकामं. तोपर्यंत ट्रॅक्टरवाल्याचे पैसे देऊन झालेले असतात, आणि चूक बियाण्याची की यंत्राची हे कोणालाच सांगता येत नाही.

तिफणीने पेरायचे तेव्हा असं सहसा होत नव्हतं. चाड्यावर मूठ धरणारी बाई तिफणीच्या मागे चालायची. एखादा नळा बुजला की चाड्यात बी साचायचं, तिच्या हाताला लगेच कळायचं, बैलं तिथेच थांबायची. ट्रॅक्टरवर चालवणारा पुढे बघतो, यंत्र त्याच्या पाठीमागे. इंजिनचा आवाज, धूळ, आणि पेटीवर झाकण. मागे काय चाललंय हे त्याला दिसत नाही. मागे लक्ष ठेवायचं हे राहून गेलेलं काम करण्यासाठी नळीत सेन्सर बसवतात. अमेरिकेत अशी यंत्रणा १९६० च्या दशकापासून वापरात आहे. आपल्याकडची बहुतेक पेरणी यंत्रं मात्र त्याशिवायच येतात.

एक नळी बंद म्हणजे किती नुकसान?

सोयाबीनची दोन ओळींतली शिफारस ४५ सेंटिमीटर, दोन झाडांतली ५ सेंटिमीटर. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. या हिशेबाने एकरात सगळ्या तासांची लांबी मिळून ९ किलोमीटर भरते. नऊ फणांचं यंत्र असेल तर ट्रॅक्टर एकरामागे साधारण १ किलोमीटर चालतो. एक नळी एकरभर बंद राहिली तर १ किलोमीटर तास रिकामं, म्हणजे जवळपास २० हजार झाडांची जागा मोकळी. चार ओळींचं बीबीएफ यंत्र असेल आणि एक नळी बंद राहिली तर चौथा हिस्सा वावर पेरायचंच राहिलं.

सेन्सर काम कसं करतो?

नळीच्या एका बाजूला डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडणारा छोटा दिवा असतो, समोरच्या बाजूला तो प्रकाश ओळखणारा भाग. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसाच हा प्रकाश. बी मधून पडलं की क्षणभर प्रकाश अडतो आणि वायरमधून ट्रॅक्टरवरच्या डब्याला खूण जाते. खुणा येत आहेत तोवर त्या नळीचा दिवा हिरवा. खुणा थांबल्या की दिवा लाल होतो आणि बझर वाजतो.

बझर वाजण्याची कारणं दोन. प्रकाश एकसारखा येतोय, बीच पडत नाही : पेटी रिकामी झाली, रूळ फिरत नाही किंवा वरून बी येईना. प्रकाश एकसारखा अडलेला आहे : नळी खालून तुंबली आणि बी सेन्सरपर्यंत साचलं. चांगल्या यंत्रणेत हा फरक वेगळा दाखवतात. घेताना ते विचारून घ्या.

आता आकड्यांबद्दल. एकरी ३० किलो बियाणं आणि १०० दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर एकरात अडीच लाख दाणे पडतात. ताशी ४ किलोमीटर वेगाने एका नळीतून सेकंदाला तीसेक दाणे. खाचांच्या रुळाचं साधं पेरणी यंत्र दाणे एकेक करून सोडत नाही, दोन-तीन मिळून पडतात आणि सेन्सर त्यांना एकच मोजतो. म्हणून साध्या यंत्रावर ‘नळी चालू की बंद’ एवढ्यावरच भरवसा ठेवा. दाणे मोजण्याचं काम एकेक दाणा टाकणाऱ्या प्लांटरवर जास्त नीट होतं.

बसवताना लक्षात ठेवा

१) जागा : नळी बहुतेक वेळा फणाच्या तोंडाशी, चिखलाने तुंबते. सेन्सर पेटीजवळ बसवला तर नळी खालून वर भरेपर्यंत तो गप्प राहतो. म्हणून चिखल उडणार नाही एवढी जागा सोडून जमेल तितका खाली बसवा.

२) नळीचं माप : सेन्सरचं भोक नळीपेक्षा लहान नको. आत कड राहिली तर बी तिथेच अडकतं.

३) वीज : ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून घ्या, मध्ये फ्यूज टाका. जोडणी चावीनंतरच्या वायरवरून घ्या, नाहीतर रात्रभर चालू राहून बॅटरी उतरते.

४) वायर : यंत्र वर उचललं तरी ताण येणार नाही एवढी ढील ठेवा. चाक, साखळी आणि सायलेन्सरपासून वायर लांब बांधा. सेन्सरवर आणि डब्यावर एकच नंबर टाका, डावीकडून एक, दोन, तीन.

५) उचलल्यावर आवाज बंद : हे सगळ्यांत महत्त्वाचं. बांधाशी वळताना यंत्र उचललं की बी पडायचं थांबतं, त्यात बिघाड काही नाही. तेवढ्यासाठी दर वळणाला बझर वाजत राहिला तर ड्रायव्हर दुपारपर्यंत वायरच काढून ठेवील. यंत्र उचललं की आवाज आपोआप बंद करणारा स्विच आहे का ते आधी पाहा.

पेरणीआधीची तपासणी

सेन्सर असला तरी बियाण्याचं प्रमाण आधी हातानेच जमवावं लागतं. यंत्र उचला, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा आणि जमिनीवर फिरणारं चाक २० वेळा फिरवा. समजा चाकाचा घेर दीड मीटर आहे. वीस फेऱ्या म्हणजे ३० मीटर, आणि नऊ फणांच्या यंत्राची रुंदी ४.०५ मीटर. हे झालं १२१ चौरस मीटर, म्हणजे एकराचे ३ टक्के. एकरी ३० किलोच्या हिशेबाने सगळ्या पिशव्यांत मिळून ९०० ग्रॅम आणि प्रत्येक पिशवीत १०० ग्रॅमच्या आसपास बी यायला पाहिजे. एका पिशवीत ७० आणि दुसरीत १३० निघालं तरी सेन्सर दोन्हीकडे हिरवाच दिवा दाखवील. कमी-जास्त पडणं शोधायचं ते इथे, पिशव्या तोलून.

मग एका नळीचं वरचं तोंड कापडाने बंद करा आणि चाक फिरवा. त्याच नंबरचा दिवा लाल झाला पाहिजे, शेजारचा नाही. लाल व्हायला किती वेळ लागला तेही बघा. पाच सेकंद लागले तर शेतात तोवर साडेपाच मीटर तास रिकामं गेलेलं असेल.

वावरात चालवताना

बझर वाजला की थांबा आणि यंत्र उचला. फण जमिनीत असताना ट्रॅक्टर मागे घेऊ नका. माती नळीत घुसून बाकीच्या नळ्याही तुंबतात. नळी मोकळी करा, रिकामं गेलेल्या तुकड्याला काडी रोवा आणि त्याच दिवशी टोकण करा. आठ दिवसांनी नांग्या भरल्या तर ती झाडं मागेच राहतात.

बीजप्रक्रियेनंतर बी सावलीत वाळवूनच पेटीत टाका. ओलं बी चिकटतं, आणि औषधाची भुकटी सेन्सरच्या काचेवर बसते. काच धुळीने झाकली की बी पडत असूनही लाल दिवा लागू शकतो. पेटी भरताना मऊ ब्रशने किंवा कोरड्या कापडाने नळीतली काच पुसत जा.

खताच्या नळीचा विचार वेगळा करा. दमट हवेत खत ओलं होऊन जास्त लवकर तुंबतं, आणि खताने धातू व जोडण्या गंजतात. बियाण्याचा सेन्सर तिकडे लावू नका. खतासाठी वेगळा मिळतो का ते विचारा.

सेन्सरला काय कळत नाही?

बी नळीतून गेलं एवढंच त्याला कळतं. ते किती खोल पडलं, ओलीत पडलं का, त्यात जीव आहे का, हे कळत नाही. सोयाबीन ३ ते ५ सेंटिमीटरच्या खाली गेलं तर उगवायला अडचण होते. त्यामुळे दर दोन-तीन फेऱ्यांनी तास उकरून खोली बघायलाच लागते. उगवण घरीच तपासा : १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवा, आठवड्याभरात ७० तरी उगवले पाहिजेत.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मोठ्या संख्येने तक्रारी झाल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हाही वाद हाच होता : बियाणं खराब, की ओल कमी, की बी खोल गेलं? असा पंचनामा व्हायची वेळ आली तर बिल, पिशवी, टॅग आणि थोडं शिल्लक बियाणं जवळ पाहिजे. सेन्सर असेल तर पेरणी चालू असताना दिव्यांचा आणि उकरलेल्या तासाचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवा. तो काही सरकारी दाखला नाही, पण बी सगळ्या नळ्यांतून पडलं होतं आणि किती खोल होतं, एवढं तरी सांगता येतं.

ज्यांना सेन्सर घेणं जमणार नाही त्यांनी

दोन-चार एकरवाल्याने स्वतः यंत्र आणि सेन्सर घ्यावा असं नाही. गावात भाड्याने पेरणारा ट्रॅक्टर हंगामात कितीतरी वावरं पेरतो. सेन्सर त्याच्या यंत्रावर असला तर सगळ्यांच्या कामी येतो. नवीन पेरणी यंत्रासाठी महाडीबीटीवर अर्ज करणार असाल तर सेन्सर त्यात बसतो का, हे तालुका कृषी कार्यालयात आधी विचारा.

तोपर्यंत साधा उपाय आहेच. पारदर्शक नळ्या लावा, पिशव्या बांधून तपासणी करा आणि यंत्रामागे एक माणूस पायी चालू द्या. यंत्रावर उभं राहून जाऊ नका, तोल गेला तर जिवावर बेतेल. एकराला पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतील. ट्रॅक्टरवाल्याशी हे भाडं ठरवतानाच बोलून घ्या. वावरात उतरल्यावर त्याला घाई असते, आणि पेरणी परत करायची वेळ आली तर बियाण्याचा खर्च तुमच्याच अंगावर येतो.