फासेपारध्याचा माळ

करमाळ्याचा माळ उन्हाळ्यात उजाड दिसतो. फासे लावून शिकार करणाऱ्या फासेपारधी जमातीच्या माणसाला मात्र तो भरलेला दिसतो. पूर्वी पायांच्या खुणा पाहून तो तित्तराची वाट ओळखायचा, हुबेहूब साद घालून त्याला फाशापर्यंत बोलवायचा. शिकवलेल्या गाईच्या आडून सावजाजवळ सरकण्याची युक्तीही या जमातीला अवगत होती.

इंग्रजांनी १८७१च्या कायद्याखाली अशा अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ साली कागदावरून पुसला गेला. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला आळा घातला. ते योग्यच होते, पण त्याबरोबर ही जाणकारीही बेकार झाली.

शिवाय माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली झालेल्या अभयारण्यात करमाळा तालुक्याचा भागही आला.

अकोला-वाशीमकडे मात्र फासेपारधी माग काढण्याचे हेच कसब वापरून आता दुर्मिळ तणमोर पक्षी शोधतात, त्याची घरटी राखतात.