कुलाब्याच्या खडकावरचा दिवा आणि आपला माल

आपण व्यापारी मालाचा भाव बघतो, जहाजाचे भाडे बघतो, डॉलरचा दर बघतो. पण कापडाच्या गाठी घेतलेले जहाज रात्रीच्या अंधारात मुंबईच्या बंदरात शिरते कसे, हा विचार क्वचितच करतो.

कुलाब्याच्या दक्षिण टोकापुढे समुद्रात खडकांची रांग गेली आहे. भरतीला ती पाण्याखाली जाते. जहाजाच्या पोटाला असा न दिसणारा खडकच घातक. या रांगेला प्रोंग्ज म्हणतात आणि तिच्यावर १८७५ सालापासून सुमारे ४१ मीटर उंचीचे दगडी दीपगृह उभे आहे. ते आजही चालू आहे.

ते त्याच काळात का बांधले गेले, याचा धागा आपल्याच धंद्यापर्यंत येतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईचा कापूस उचलला. युद्ध संपले, भाव कोसळला, कित्येक पेढ्या बुडाल्या. बंदर मात्र मोठे झाले ते झालेच. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आगबोटी वाढल्या. खांदेरी बेटावर १८६७ मध्येच दिवा लागला होता. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि दोन वर्षांनी प्रोंग्जचा दिवा लागला. हे काम थॉमस ऑर्मिस्टन या इंजिनिअरचे. १८८० साली उघडलेल्या प्रिन्सेस डॉकमागेही तेच होते.

आमच्या कारीगर बांधवांनी या बांधणीकडे जरूर पाहावे. बुरूज गोल आहे, कारण सपाट भिंतीवर लाटेचा सगळा मार बसतो. गोल भिंतीवरून पाणी दोन्ही बाजूंनी निघून जाते. अशा दिव्यांची खरी करामत काचेत असते. फ्रेनेल या फ्रेंच माणसाने १८२० च्या दशकात काचेच्या कड्यांचे भिंग काढले. चहूकडे वाया जाणारा उजेड ते एका पट्ट्यात गोळा करते, म्हणून लहानशी ज्योतही कोसांवर दिसते. प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीची चाल ठरलेली असते. ती मोजून कप्तान ओळखतो की समोर कोणता दिवा आहे.

आता उपग्रहावरून जागा कळते, मग दिवा कशाला? यंत्र बंद पडू शकते, त्याचा सिग्नल बिघडू शकतो. डोळ्यांनी पाहून खात्री करण्याचे साधन म्हणून दिवा लागतोच. त्याचा खर्च जहाजांकडून दीपशुल्क म्हणून घेतात. पूर्वी ते १९२७ च्या कायद्याने घेत, २०२१ मध्ये नवा कायदा आला. जहाज कंपनी ते अखेर भाड्यातच धरते. म्हणजे या दिव्याच्या तेलबत्तीत आपलाही पैसा आहे.

पण दिवा खडक दाखवतो, समोरच्या जहाजाची चूक दाखवत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये बंदराच्या तोंडाशी, सकाळच्या उजेडात, दोन जहाजांची टक्कर झाली. कंटेनर समुद्रात पडले आणि वाहतूक काही दिवस थांबली. त्या वेळी आमचा माल गोदीत अडकला होता. विमा ग्राहकाने काढला असेल, अशा समजुतीत आम्ही होतो. विचारले तेव्हा कळले की तो कुणीच काढला नव्हता. माल वाचला, पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

म्हणून छोट्या व्यापाऱ्यांना आमचे सांगणे आहे. सौदा सी.आय.एफ. असेल तर विमा विकणाऱ्याने काढायचा. एफ.ओ.बी. असेल तर माल जहाजावर चढल्यावर जोखीम घेणाऱ्याची. हे कागदावर आधी वाचा. आणखी एक गोष्ट. जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला, तर ते नुकसान सर्व मालधन्यांत वाटले जाते. आपली गाठ शाबूत असली तरी हिस्सा भरावा लागतो आणि त्याची हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. विमा असला की हे ओझे सहसा कंपनी उचलते.

दिवा आपले काम दीडशे वर्षे करतो आहे. आपल्या वाट्याचे काम, म्हणजे कागद नीट वाचणे, ते आपणच करायचे आहे.