एका प्राध्यापकाचा विभाग

मुक्तीपूर्वी कला अथवा विज्ञान शाखेची पदवी घ्यावयाची तर गोमंतकीय विद्यार्थ्याला बेळगाव, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. ज्याच्या घरी ऐपत होती, त्याचाच मुलगा घाट चढे. मुलींचा तर प्रश्नच उद्भवत नसे. १९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय सुरू झाले व ही वाट पुष्कळ जवळ आली. अंतर्भागातील तालुक्यांना मात्र आणखी बराच काळ थांबावे लागले. साखळी, खांडोळा, केपे व पेडण्याची सरकारी महाविद्यालये ही त्या प्रतीक्षेची फळे होत.

या महाविद्यालयांच्या दर्जाविषयी बोलताना तेथे कोण शिकते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. सत्तरीतील एखाद्या वाड्यावरून सकाळच्या कदंब बसने निघून साखळीस पोहोचणारी मुलगी हे महाविद्यालय अनेकांतून निवडून येत नाही. तिच्या घरच्यांना परवडणारे आणि संध्याकाळी घरी परतता येईल असे तेवढेच आहे. शहरातील विद्यार्थ्याला एक महाविद्यालय पसंत पडले नाही, तर तो दुसऱ्याचे दार ठोठावतो. खासगी शिकवणी लावतो. हिच्या पदवीत जे उणे राहील ते उणेच राहणार आणि त्याचा उलगडा तिला होणार तो कर्मचारी भरती आयोगाच्या परीक्षेला बसल्यावर.

दर्जा मोजण्याची यंत्रणा देशात नाही असे नव्हे. १९९४ साली स्थापन झालेली ‘नॅक’ ही संस्था महाविद्यालयांना श्रेणी देत आली आहे. या मूल्यांकनामुळे ग्रंथालयांच्या नोंदी नीट झाल्या, निकालांचा हिशेब ठेवला जाऊ लागला, हे मान्य करावयास हवे. परंतु २०१७ च्या सुधारित पद्धतीत सुमारे ७० टक्के गुणांकन संस्थेनेच भरून दिलेल्या आकडेवारीवर आले, आणि तेव्हापासून प्राध्यापकांचा किती वेळ वर्गात व किती पुरावे जमविण्यात जातो, हे कोणत्याही प्राध्यापकाला खासगीत विचारून पाहावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील एका संस्थेच्या तपासणीस गेलेल्या पथकातील सदस्यांनाच केंद्रीय अन्वेषण विभागाने लाचखोरीच्या आरोपाखाली अटक केली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण श्रेणीवर डोळे मिटून विसंबण्याचे दिवस राहिले नाहीत, एवढे खरे.

आमच्या मते लहान सरकारी महाविद्यालयाचे दुखणे कोणत्याही अहवालाच्या रकान्यात नीट मावत नाही. तेथे एखाद्या विषयाला एकच कायम प्राध्यापक असणे ही नवलाची गोष्ट नाही. तोच शिकवितो, तोच अंतर्गत चाचणीची प्रश्नपत्रिका काढतो, तोच ती तपासतो, शिवाय प्रवेशसमिती आणि राष्ट्रीय सेवा योजनाही त्याच्याच गळ्यात असते. त्याचे चुकले तर ‘हे असे का शिकविलेत?’ असे विचारणारा त्या विषयाचा जाणकार शेजारच्या खुर्चीत नसतो. त्याची बदली झाली अथवा तो निवृत्त झाला, की एका दिवसात विभागच नाहीसा होतो. मग तासांच्या हिशेबाने नेमलेला तरुण येतो. तो पात्रतेने कमी असतो असे मुळीच नाही. पुष्कळदा तो पीएच. डी. झालेला असतो. पण पुढील जूनमध्ये आपण येथे असू की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची घडी कशी बसवावी?

याहून नाजूक गोष्ट वेगळीच आहे. प्राध्यापकाचे पद तासांवर, तास वर्गांवर आणि वर्ग विद्यार्थिसंख्येवर अवलंबून असतात. कडक तपासणी केली, अपुऱ्या उपस्थितीसाठी परीक्षेचा अर्ज अडविला, तर तो विषय ‘अवघड’ ठरतो आणि पुढच्या वर्षी घेणारे घटतात. चार मुले कमी झाली तर मोठ्या महाविद्यालयाला त्याचा पत्ताही लागत नाही. येथे त्या चौघांपायी विषय बंद पडू शकतो. अशा स्थितीत अंतर्गत मूल्यमापनाचे गुण सैल हाताने पडू लागले, तर दोष केवळ प्राध्यापकाच्या नीतीला देऊन भागणार नाही. कठोर राहण्याची किंमत आपण त्याच्या एकट्याच्या माथी मारली आहे.

त्यात २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण आले. मुख्य विषयासोबत गौण विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, चौथे वर्ष, ही कल्पना उत्तमच. पण निवडीचे स्वातंत्र्य द्यावयाचे तर निवडण्याजोगे काही असावे लागते. दोन-तीन प्राध्यापकांच्या विभागात निवड बहुधा वेळापत्रकच करते. २०४० पर्यंत प्रत्येक संस्थेने तीन हजार वा अधिक विद्यार्थ्यांचे लक्ष्य ठेवावे, असे हेच धोरण सांगते. पेडणे वा केपे येथे ही संख्या कोठून आणावी, हे धोरणकर्त्यांनी सांगितलेले नाही.

सरकारला करता येण्याजोग्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. प्राध्यापकाच्या निवृत्तीची तारीख सेवापुस्तिकेवरून कितीतरी आधी कळत असते. मग रिक्त जागेची मागणी लोकसेवा आयोगाकडे ती जागा रिकामी झाल्यावरच का जावी? वर्षभर आधी का जाऊ नये? चालू असलेल्या कोणत्याही विषयाला विद्यार्थिसंख्या कितीही असो, किमान दोन कायम प्राध्यापक राहतील, असा नियम करावा. आणि अंतर्गत चाचण्यांच्या काही उत्तरपत्रिका दर सत्रात साखळीहून केप्याला व खांडोळ्याहून पेडण्याला पुनर्तपासणीसाठी जाव्यात. एकट्या प्राध्यापकाला त्यामुळे विषयाचा एक जाणकार सोबती मिळेल, आणि कमी गुण दिल्याचा राग त्याच्या एकट्यावर निघणार नाही. यासाठी नवी समिती नेमण्याची गरज नाही. उच्च शिक्षण संचालनालयाचे एक परिपत्रक पुरेसे आहे आणि ते येत्या सत्रापूर्वी निघू शकते.