यकृताचा विकार, स्नायूंची झीज आणि मेंदूची शुद्धी

सिरोसिस झालेल्या रुग्णाचे पोट पुष्कळदा पाण्याने फुगते, आणि त्यामुळे काट्यावर वजन घटलेले दिसत नाही. दंड, मांड्या व कानशिले मात्र खोल जातात. घरची मंडळी त्यास साधा अशक्तपणा समजतात. वस्तुतः स्नायूंची ही झीज पुढील संकटाचे एक कारण असते.

आहारातील प्रथिनांपासून व आतड्यांतील जंतूंच्या क्रियेने अमोनिया हे विषारी द्रव्य उत्पन्न होते. निरोगी यकृत त्याचे युरियात रूपांतर करते व तो मूत्रावाटे बाहेर पडतो. सिरोसिसमध्ये यकृत तंतूंनी कठीण होते आणि आतड्यांकडून येणारे काही रक्त त्यास वळसा घालून पुढे जाते. अशा वेळी अमोनियाचा पुष्कळसा भार स्नायू उचलतात व त्याचे ग्लुटामिन बनवितात. स्नायूच झिजले, तर हा आधार तुटतो आणि विष मेंदूस बाधते.

आरंभीची चिन्हे सौम्य असतात. दिवसा झोप, रात्री जागरण, चिडचिड व विस्मरण दिसू लागते. जन्मभर तोंडी हिशेब केलेला गृहस्थ साध्या बेरजेत अडखळतो; सहीचे वळण बदलते. पुढे पसरलेल्या हातांचे पंजे फडफडतात, भ्रम होतो व अखेर बेशुद्धी येते. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, रक्तस्राव व झोपेच्या गोळ्या यांमुळे हा झटका ओढवू शकतो. अशी चिन्हे दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

अशा रुग्णाची प्रथिने तोडावीत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. १८९३ साली पाव्हलॉव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी, यकृताला वळसा देऊन रक्त वळविलेल्या कुत्र्यांना मांस दिल्यावर ती आजारी पडतात, असे दाखविले. त्या समजाचे मूळ तेथे आहे. परंतु २००४ साली बार्सिलोना येथील अभ्यासात असे आढळले की, प्रथिने तोडल्याने मेंदूची अवस्था लवकर सुधारत नाही. उलट शरीरातील प्रथिनांची झीज मात्र वाढते. आज दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली जाते. म्हणजे साठ किलो वजनाच्या मनुष्यास रोज ७२ ते ९० ग्रॅम. पोटात पाणी असल्यास मूळचे वजन हिशेबात धरावे. वनस्पतिजन्य व दुधाची प्रथिने अशा रुग्णांस अधिक मानवतात. तेव्हा आपल्या घरातील डाळी, कडधान्ये, दूध, दही व पनीर हेच येथे उपयुक्त ठरतात.

दुसरी गोष्ट अन्नाच्या वेळेची. रोगी यकृतात साखरेचा साठा थोडा असतो. निरोगी मनुष्यास दोन-तीन दिवसांच्या उपवासानंतर जी अवस्था येते, ती या रुग्णास एका रात्रीच्या उपवासाने येते. शिल्लक संपल्यावर भांडवलातून खर्च व्हावा, तसे शरीर स्नायू वितळवून गरज भागविते. म्हणून झोपण्यापूर्वी सुमारे ५० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असलेला अल्पाहार सुचविला जातो.

आपल्या समाजात रात्रिभोजनत्यागाचे व्रत अनेक घरांत आहे. ज्यांचा नियम आहे, त्यांनी आपले डॉक्टर व धर्मगुरू या दोघांशी बोलून निर्णय घ्यावा. नियम कायम ठेवावयाचाच असेल, तर शेवटचे भोजन सूर्यास्ताच्या शक्य तितके जवळ घ्यावे व सकाळचा आहार लांबवू नये. पर्युषणातील दीर्घ उपवास अशा रुग्णाने वैद्यकीय संमतीवाचून करू नयेत.

यांखेरीज झेपेल तेवढे नियमित चालणे, आणि डॉक्टरांनी लॅक्टुलोज दिले असल्यास दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच होईल अशा बेताने ते घेणे, ही दोन पथ्ये पाळावीत. घरच्या माणसांनी रुग्णाच्या वजनाबरोबरच त्याचे दंड, त्याची झोप आणि त्याचे अक्षर यांवरही लक्ष ठेवावे.